मडक्यातला एक बिब्बा

सुपे,
८ डिसेंबर १९१३

प्रिय विठ्ठल यास शंकरचा नमस्कार.

थोरल्या मेव्हण्याला 'अहो' लिहा म्हणून रुक्मिणी मागून बजावते आहे. पण खानापूरच्या शाळेत एका तरटावर बसून तुला 'अरे' म्हटलेलं, ते आता कसं बदलू? तुझ्या बहिणीशी लग्न मागाहून झालं, मैत्री आधीची.

काल क्लबाची सभा झाली. करमणूक कमिटीचा सेक्रेटरी म्हणून यंदाही मलाच उभं केलं. मी नको नको म्हणत होतो, पण आमचे अध्यक्ष उमाजीराव, म्हणजे जुने पोस्टमास्तर, म्हणाले की गेल्या वर्षीची कोजागिरी अजून लोकांच्या तोंडी आहे, शंकररावांशिवाय हे कुणाला जमणार? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वखारीतल्या कारकुनासाठी ठेकेदार आणि डॉक्टर टाळ्या वाजवतात हे मला अजून खरं वाटत नाही. कमिटीत चौघे आहेत. बाकीच्या तिघांचं काम मान डोलवायचं.

यंदा संक्रांतीला मेंबर आणि त्यांच्या घरच्यांसाठी तिळगुळाचा समारंभ, आणि पाडव्याला काळी नदीच्या काठी वनभोजन असं ठरलं आहे. तेव्हा नेहमीप्रमाणे पत्रावळी, उकडे तांदूळ, मध, कुणब्यांकडचे कोनाचे कंद, मांडवाला बांबू आणि तुमच्या नंदिगड्ड्याचे ढोलवाले एवढं बघ. कोनं मात्र चांगली मोठी बघून आण, उमाजीरावांना फार आवडतात. आणि सगळ्यात आधी तू ये. तू नसलास की मांडवाचा एक खांब सरळ उभा राहत नाही.

आता आनंदाची बातमी. मार्चच्या सभेत नवे मेंबर घेणार आहेत. तुझं नाव सुचवायचं मी ठरवलं आहे. तीन वर्षं तू क्लबासाठी राबतोस आणि क्लबाच्या सतरंजीवर एकदाही बसला नाहीस, याची लाज मलाच वाटते.

तुझा,
शंकर


नंदिगड्डे,
१५ डिसेंबर १९१३

सेक्रेटरीसाहेब शंकरराव यांच्या सेवेशी मांडववाल्या विठ्ठलाचा दंडवत.

पत्र वाचून काशीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दाजी बोलत्यात ते करत्यात का बघू." बायकांचा स्वभावच संशयी. मी तिला गप्प केलं.

सामान सगळं येईल. पत्रावळी लावायला शेजारची फुला आणि तिच्या जावा बसल्याच आहेत. कोनं खणायला सांगितलं आहे. हाताएवढी मोठी निघाली तर उमाजीरावांच्या पानात आख्खं एक ठेवीन, मग बघू किती आवडतं.

शंकर, थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. मला क्लबात पत्ते खेळायचे नाहीत आणि तुमचं ते कडू सोडावॉटर प्यायचं नाही. गेल्या कोजागिरीला दूध आटवून झालं, वाट्या भरून झाल्या, आणि उमाजीरावांनी कमिटीचे आभार मानले तेव्हा मी कनातीच्या मागं पातेली धूत होतो. माझी शांती कनातीच्या फटीतून बघत होती. ती म्हणाली, "आबा, टाळ्या वाजवल्यात की. तुमी का जात न्हाई तिकडं?" मी म्हटलं, तिकडं मेंबर बसतात. तिनं विचारलं, "आनि तुमी कोन?" सहा वर्षांच्या पोरीनं विचारलेलं एवढं सोपं कोडं मला सुटलं नाही, ते तू आता सोडवतो आहेस. मला एवढंच हवं आहे, की एकदा मी बायकोपोरीला घेऊन पुढच्या बाजूनं आत यावं आणि कुणी मला पाणी आणायला सांगू नये.

रुक्मीला आशीर्वाद. तिला म्हणावं, नवऱ्याला 'अरे' म्हणणारा भाऊ लवकरच त्याच्या शेजारी बसणार आहे, तेव्हा 'अहो' शिकून ठेवतो.

विठ्ठल


सुपे,
२० जानेवारी १९१४

प्रिय विठ्ठल,

तिळगूळ घ्या, गोड बोला. समारंभ असा झाला की विचारू नकोस. डॉक्टरांच्या कुटुंबानं कोनाची भाजी दोनदा मागितली. ढोलवाल्यांनी तर ठेकेदार मारुतीरावांना नाचायला लावलं. तू परत निघालास त्यानंतर आभाराचं भाषण झालं. सगळ्यांनी कमिटीचं फार कौतुक केलं. तुझं नाव घ्यायचं माझ्या मनात होतं, पण उमाजीरावांनी मधेच गाणं सुरू केलं आणि राहून गेलं.

आता मेंबरकीचं. आमच्याकडे मोठ्या क्लबांसारखी निवड गुप्त होते. तिकडे म्हणे पांढऱ्याकाळ्या गोट्या वापरतात. आमच्या अध्यक्षांनी आपल्या मुलखाला शोभेल अशी तऱ्हा काढली आहे. पडद्यामागं एका ताटात सुपाऱ्या, दुसऱ्या ताटात बिब्बे. एकेकानं आत जायचं, उमेदवार हवा असेल तर सुपारी उचलायची, नको असेल तर बिब्बा, आणि मडक्यात टाकायचं. एक जरी बिब्बा निघाला तरी उमेदवार बाद. घाबरू नकोस, तुझ्या विरोधात कोण असणार?

यंदाचे बिब्बे वाण्याकडचे नकोत, किडके असतात. तुझ्या रानातले चांगले टपोरे पाठवून दे. सुपाऱ्याही पाठव. आपल्याच निवडीचं सामान आपणच पुरवायचं, असा मान कुणाला मिळतो?

तुझा,
शंकर


नंदिगड्डे,
१ मार्च १९१४

शंकरराव,

झिलूच्या गाडीबरोबर सुपाऱ्यांची एक आणि बिब्ब्यांची एक अशा दोन पिशव्या पाठवतो आहे. कामात बिब्बा घालणारे पुष्कळ पाहिले, पण त्याचं ताट मांडणारी मंडळी तुमचीच पहिली. माझ्या निवडीत बिब्बा घालायचा तर तोही माझ्याच झाडाचा, यापेक्षा जास्त सोय मी कुणाची करू?

तू टपोरे मागितलेस म्हणून नुकतेच उतरवलेले दिले आहेत. ओले आहेत. ताटात थोडी राख पसरून ठेव आणि पोराबाळांचे हात लागू देऊ नको.

काशीनं इरकली लुगडं काढून उन्हात टाकलं आहे. शांतीला नवं परकर-पोलकं शिवलं. मी त्यांना थांबा म्हणतो, पण माझंच मन थांबत नाही. निकाल कळताच झिलूला परत पाठव, टपालाची वाट बघायला लावू नको.

विठ्ठल


सुपे,
१२ मार्च १९१४

प्रिय विठ्ठल,

हे अक्षर रुक्मिणीचं आहे. मी सांगतो आहे आणि ती लिहिते आहे. माझ्या उजव्या हातावर उकळतं पाणी सांडलं, बोटांना फोड आले आहेत.

रविवारी सभा झाली. कसं सांगू तुला? मी तुझ्याबद्दल एवढं बोललो की घसा बसला. पण मडकं पालथं केलं तेव्हा चार-पाच बिब्बे निघाले. ठेकेदार मारुतीराव आणि त्यांच्या बाजूची मंडळी असावीत असा माझा अंदाज आहे. त्यांना गावाकडचा माणूस आत नको. मी सभेतून उठून आलो, कुणाशी बोललो नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तुझं नाव घालीन, शब्द देतो.

मन खट्टू करून घेऊ नकोस. क्लबात आहे तरी काय? आणि पाडव्याच्या वनभोजनाची तयारी मात्र थांबवू नकोस. बाहेरगावचे पाहुणे बोलावले आहेत, माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

तुझा,
शंकर

अण्णा, त्यांचं सांगून संपलं, खालचं माझं आहे. हे त्यांना वाचून दाखवणार नाही. तुझी निवड झाली नाही ऐकून मी रात्री जेवले नाही. काशीवहिनीला काय वाटलं असेल ते मला कळतं. एक काम आहे. उकळतं पाणी असं ते लिहायला सांगतात, पण भाजलेलं आणि बिब्बा उतलेलं यातला फरक मला कळत नाही का? तळवा आणि तीन बोटं काळी पडून सुजली आहेत, पाणी सुटतं, रात्रभर खाज. तुझ्या पिशवीला हात घातला असेल आणि सांगायची लाज वाटत असेल. पुरुषांना कशाचीही लाज वाटते. आईला विचारून उतारा कळव.
तुझी रुक्मी


नंदिगड्डे,
१४ मार्च १९१४

चि. रुक्मीस अण्णाचा आशीर्वाद.

आई सांगते, ओल्या नारळाचं दूध काढून दिवसातून दोन-तीनदा लाव. रात्री तीळ लोण्यात वाटून जाड लेप दे. ऊन लागू देऊ नको, आंबट खायला देऊ नको. आठवड्यात उतरेल. पिशवी उघडताना लागलं असेल, शाळेतही असाच धांदरट होता.

माझी काळजी करू नको. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? काशीनं लुगडं घडी करून परत पेटीत ठेवलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण तुझा नवरा माझ्यासाठी घसा बसेपर्यंत भांडला, हे मी विसरणार नाही. त्याच्या हाताला जप.

अण्णा


नंदिगड्डे,
१६ मार्च १९१४

शंकर,

हे पत्र झिलू तुला वखारीत, तुझ्या हातात देईल. घरी नेऊ नको.

काल जगलबेटच्या बाजारात उमाजीराव भेटले. मला बघून तोंड लपवत होते, मीच समोर गेलो. म्हटलं, राव, मनात काही ठेवू नका, चार-पाच जणांना नको होतो तर नको होतो. ते जवळ सरकले. म्हणाले, "चार-पाच? एकच निघाला हो. समद्या सुपाऱ्या, आनि एकच बिब्बा. मी मडकं हलवून हलवून बघितलं." ठेकेदार मारुतीराव तर मडकं फुटेल इतक्या जोरानं सुपारी टाकून आले म्हणे, बाहेर आवाज आला आणि सगळे हसले.

मग मी सहज विचारलं, बिब्बे ओले होते, कुणाला त्रास नाही ना झाला? ते म्हणाले, छे, झिलूनं पिशवी बांधलेलीच माझ्याकडे आणून दिली, ती मी कमिटीच्या हातात देतच नाही, आमचा शिपाई ताटात ओततो, ज्यानं तो उचलला त्यालाच काय ते ठाऊक.

ज्यानं उचलला त्याला ठाऊक आहे, शंकर, आणि आता मलाही. तुझ्या हाताला काय झालं आहे ते मला कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नको.

बाजारातून घरी येईपर्यंत मी तुझ्या बाजूनं भांडत होतो, माझ्याच मनाशी. चुकून उचलला असेल. अंधार असेल. पण अंधारात चूक झाली असती तर तू बाहेर येऊन ओरडला असतास, की चूक झाली, पुन्हा घ्या. तू घरी गेलास आणि माझ्या बहिणीकडून मला खोटं लिहवलंस. तिच्या हातानं. मारुतीरावांचं नाव घेतलंस, म्हणजे मी आयुष्यभर एका निरपराध माणसाला शिव्या द्याव्यात.

परक्यानं घातला असता तर मी हसून सोडला असता. तू का? एवढंच सांग. मला दुसरं काही नको.

विठ्ठल


सुपे,
१९ मार्च १९१४

विठ्ठल,

डाव्या हातानं लिहितो आहे, अक्षर वाकडं येईल.

आत जाताना मी सुपारीच घेणार होतो. देवाची शपथ. पडद्यामागं उभा राहिलो आणि डोळ्यांपुढं पाडवा आला. तू मेंबर म्हणून सतरंजीवर बसला आहेस, आणि मागं चुलीपाशी कोणी नाही. मेंबरानं पातेली घासायची नसतात, तसा आमच्याकडे नियमच आहे. मग समारंभ करणार कोण? मला मांडव उभा करता येत नाही. किती माणसांना किती तांदूळ लागतात तेही मला येत नाही. पहिल्याच वेळी सगळ्यांना कळलं असतं, की तीन वर्षं ज्यासाठी टाळ्या घेतल्या त्यातलं एकही काम माझं नव्हतं. त्या क्लबात माझ्याजवळ दुसरं काय आहे? ना जमीन, ना शिक्षण, ना हुद्दा. एक करमणूक कमिटी आहे.

बिब्बा हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो. टाकवत नव्हता. मूठ घट्ट आवळली होती. बाहेरून उमाजीराव खाकरले तेव्हा टाकला. मला वाटलं, आणखी कुणीतरी घालणारच. आणखी एक जरी निघाला असता तर मला झोप लागली असती.

तू म्हणशील ते मी भोगीन. पण रुक्मिणीला कळू देऊ नकोस. ती माझ्या बोटांना लेप लावते आणि 'माझ्या अण्णासाठी एवढं भांडलात' असं म्हणते. तिला कळलं तर ती माझ्याकडे पुन्हा कधी बघणार नाही. आणि पाडव्याचं काय ते कळव. पाहुणे निघालेसुद्धा.

शंकर


नंदिगड्डे,
२२ मार्च १९१४

शंकर,

कारण वाचलं. तू काहीतरी मोठं सांगशील असं वाटत होतं. मी तुला भारी पडलो असतो असं, किंवा माझं गावंढळपण, माझी वाणी, काहीतरी. मी चुलीपाशीच बरा, एवढंच निघालं. याचं जास्त लागलं.

सामान येईल. तुझ्यासाठी नाही. पाहुण्यांपुढं तू फजीत झालास की मान खाली माझ्या बहिणीची जाणार. झिलू आणि आमचा गडी परशू येतील, रांधतील, वाढतील. मी येणार नाही, यापुढं कधीच येणार नाही. पुढच्या समारंभाला तू तांदूळ मोजायला शीक.

रुक्मीला मी काही सांगणार नाही. तिच्यासाठी झिलूजवळ वेगळी चिठ्ठी दिली आहे, चार गमतीच्या गोष्टींची. तिचा संसार सुखाचा राहू दे. हे तुझ्यामाझ्यात होतं, तुझ्यामाझ्यात संपलं. तुझ्या घरी मी आता येईन तो फक्त तिचा भाऊ म्हणून.

विठ्ठल


सुपे,
३० मार्च १९१४

तीर्थस्वरूप अण्णास रुक्मिणीचा नमस्कार.

पाडव्याचं वनभोजन छान झालं. सगळे तसंच म्हणाले. झिलूनं तुझी चिठ्ठी दिली. त्यात तू माकडानं काशीवहिनीचे पापड पळवल्याचं लिहिलंस, आणि शेवटी लिहिलंस, 'मला त्या क्लबाची हौस कधी नव्हतीच, तू मजेत जेव.' मी ती चिठ्ठी वाचून हसले आणि मेंबरांच्या बायकांच्या पंगतीत मजेत जेवायला बसले.

शेजारी उमाजीरावांच्या घरच्या होत्या. भात कालवताना त्या म्हणाल्या, "तुझ्या भावाचं वाईट झालं गं. एका मेल्याच्या बिब्ब्यानं घात केला. एकच होता बघ." मी म्हटलं, चार-पाच होते ना? त्या म्हणाल्या, न्हाई, एकच. आणि मग त्यांनीच विचारलं, "शंकररावांचा हात बरा हाय का? काय झालं हुतं?"

घास तोंडात होता, अण्णा. तुझा तांदूळ. मला तो गिळता येईना आणि टाकता येईना. समोर पुरुषांच्या पंगतीत उमाजीराव उभे राहून कमिटीचे आभार मानत होते. हे उठले, हात जोडले. हातावर अजून कातडी सोललेली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं, म्हणून मीही वाजवल्या.

घरी आल्यावर मी त्यांना एकच विचारलं. ते नाकबूल गेले नाहीत, रडले. त्यांच्या रडण्यानं मला काही वाटलं नाही. मी विचारलं, आता अण्णाला कोणत्या तोंडानं सांगायचं? तर ते म्हणाले, "अण्णांना ठाऊक हाय. दहा-बारा दिवस झाले. आमी मिटवलंय."

मग मी तुझी पत्रं त्यांच्याकडून काढून घेऊन वाचली, आणि त्यांनी तुला काय लिहिलं तेही वदवून घेतलं.

त्यांनी माझ्या हातानं खोटं लिहवलं. त्या खोट्याखाली मी भाबडेपणानं जे लिहिलं, त्यावरून तू त्यांना पकडलंस. मी लिहिलं नसतं तर तुला कळलं नसतं. मग तुम्ही दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली, वखारीत, माझ्या नकळत, आणि मिटवलं. मी इकडे नारळाचं दूध काढत होते. रोज सकाळी ती बोटं मांडीवर घेऊन, माझ्या भावासाठी भांडले म्हणून, देवाला हात जोडत होते. हे तुला माहीत होतं. त्यांनी तुला लिहिलं होतं, आणि तरी तू मला माकडाची गोष्ट पाठवलीस.

त्यांनी तुझा घात केला, तो तुझा प्रश्न. तू त्यांना क्षमा कर किंवा करू नको. पण मला विचारल्याशिवाय माझा संसार तू सुखाचा ठेवलास, तो कुणाच्या परवानगीनं? नवरा परक्या घरचा, त्यानं फसवलं तर माहेर आहे असं बायकांना वाटत असतं. मला तेवढंही तुम्ही दोघांनी मिळून ठेवलं नाही.

मी इथेच राहणार आहे. पोरं आहेत. पाण्यालाही जाईन, सणवारही करीन, कुणाला काही कळणार नाही, कारण झाकायचं कसं ते मी तुमच्याकडूनच शिकले. यंदा उन्हाळ्यात मात्र माहेरी येणार नाही. आईला सांग, रुक्मीला सवड नाही. तुला ते जमेल.

रुक्मिणी